माळ्यावर सापडलेली आजोबांची बंदूक विकायची कशी?

पत्राचा सारांश : पत्रलेखिका ४८ वर्षांच्या असून नोकरीनिमित्त ठाणे शहरात राहतात. दोन वर्षांपूर्वी वडील वारले. त्यानंतर सिंधुदुर्ग जिल्ह्यातील माहेरचे बंद घर दुरुस्तीला काढले, तेव्हा कौले उतरवताना सुताराला माळ्यावर गोणपाटात गुंडाळलेली एक लांब नळीची बंदूक सापडली. सोबत लोखंडी गज आणि पत्र्याचा एक डबा होता. डब्यात काळी भुकटी, छर्रे आणि पाच-सहा काडतुसे आहेत. बंदूक आजोबांची असावी, असे सर्वांना वाटते. परवान्याविषयी कोणालाच काही ठाऊक नाही. भावाचे म्हणणे असे की, जुन्या वस्तू घेणारे एक गिऱ्हाईक त्याच्या ओळखीचे आहे, तर ती परस्पर विकून टाकावी. अमेरिकेतील चुलतभावाला ती आठवण म्हणून दिवाणखान्याच्या भिंतीवर लावायची आहे. गावातील काका म्हणतात, कोणाला न सांगता विहिरीत टाका. बंदूक सध्या गावच्या घरातील कपाटात कुलूपबंद असून किल्ली पत्रलेखिकेकडे आहे. या गोष्टीला तीन आठवडे झाले. त्या विचारतात : “ही बंदूक कायदेशीररीत्या कशी विकता येईल आणि साधारण किती किंमत येईल? घरात ती ठेवण्याची भीती वाटते, पण पोलिसांकडे जाण्याची त्याहून जास्त वाटते.”

उत्तर :

तुमच्या पत्रातील शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करू, कारण बाकीचे सगळे पत्र त्या वाक्यातून निघाले आहे. भावाचे गिऱ्हाईक, चुलतभावाची भिंत आणि काकांची विहीर हे तीन सल्ले दिसायला वेगवेगळे आहेत, पण तिन्हींचा हेतू एकच, तो म्हणजे पोलीस ठाण्याची पायरी चढावी लागू नये. अडचण अशी की, तुम्ही विचारलेल्या कायदेशीर विक्रीची वाट नेमकी त्याच पायरीवरून जाते. म्हणून किमतीचा प्रश्न थोडा बाजूला ठेवून आधी ही बंदूक आज कायद्याच्या दृष्टीने कोणाची आणि कोणाच्या ताब्यात आहे, ते पाहू.

घर आमचे म्हणून माळ्यावरची बंदूकही आमची, असे तुम्ही सर्वांनी गृहीत धरलेले दिसते. ते अर्धेच खरे आहे. जमिनीला वारसनोंद लागते आणि नावे सातबाऱ्यावर चढतात, तशी बंदूक कोणाच्या नावावर आपोआप चढत नाही. तिच्या किमतीवर वारसांचा हक्क असू शकतो, मात्र ती जवळ बाळगण्याचा हक्क वारशाने मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र आणि दारूगोळा जवळ बाळगण्यासाठी बाळगणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा चालू परवाना लागतो, आणि आजोबांकडे परवाना असला तरी तो त्यांच्यासोबतच संपला. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना अग्निशस्त्र बाळगण्याची शिक्षा किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद व दंड अशी झाली आहे. हे तुम्हाला घाबरवण्यासाठी लिहीत नाही. कपाटाची किल्ली तुमच्या पर्समध्ये आहे, याचा कायद्यातील अर्थ तुमच्या लक्षात यावा, एवढ्यासाठी लिहीत आहे.

त्याच कायद्याची दुसरी बाजू तुमच्या बाजूने आहे. ‘बाळगणे’ म्हणजे जाणूनबुजून बाळगणे, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात मांडली आणि नंतरच्या निकालांतही ती टिकली. माळ्यावर गोणपाटात काय आहे हे तुम्हाला ठाऊक नव्हते, तोवर ती बंदूक तुम्ही बाळगत होता असे म्हणणे कठीण आहे. सुताराने ती खाली आणली त्या दिवसापासून मात्र तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे बंदूक किती वर्षे माळ्यावर पडून होती यापेक्षा ती पाहिल्यावर तुम्ही किती दिवस गप्प राहिलात, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. तीन आठवडे झाले, हे पुरेसे झाले. शिवाय कलम ३ खालील गुन्ह्यासाठी खटला भरायचा तर कलम ३९ प्रमाणे जिल्हा दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. सापडलेली वस्तू आपण होऊन लेखी कळवणारी व्यक्ती आणि झडतीत जिच्या घरी ती मिळाली अशी व्यक्ती, यांतील फरक ती परवानगी देणाऱ्याच्या समोरच्या कागदांवर स्पष्ट दिसतो.

आता काकांच्या विहिरीबद्दल. हा सल्ला कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दिला जातो आणि तो देणारी माणसे सहसा प्रेमाचीच असतात. पण त्याच कोकणात वैशाखात विहिरी तळाला जातात आणि पाऊस सुरू होण्याआधी लोक त्यांतला गाळ उपसतात, हे काकांना मी सांगायला हवे असे नाही. गाळाबरोबर नळी वर आली की ती विहीर कोणाच्या जमिनीत आहे, एवढाच प्रश्न उरतो. त्या वेळी तुमच्याकडे पोच नसेल, अर्ज नसेल आणि ‘आम्हाला माहीतच नव्हते’ हे म्हणण्याची सोयही नसेल, कारण सुतार, काका, भाऊ आणि चुलतभाऊ यांना ते माहीत होते.

भावाच्या गिऱ्हाइकाचा सल्ला याहून धोक्याचा आहे. विनापरवाना शस्त्र बाळगणे आणि ते विकणे यांत कायदा मोठा फरक करतो. बेकायदा विक्रीसाठी कलम २५ मध्ये किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. जुन्या वस्तू घेणारा गृहस्थ खरोखर हौशी संग्राहक असेल, तर त्याला हे नियम तुमच्यापेक्षा चांगले ठाऊक असतील आणि तो परवान्याचा कागद आधी मागेल. तो मागत नसेल, तर त्याला ती बंदूक भिंतीसाठी नको आहे. भावाने त्याला फोनवरून छायाचित्र पाठवले असेल, तर ते तिथेच थांबवावे, आणि कुटुंबाच्या गटावरही यापुढे ती छायाचित्रे फिरवू नयेत. पाठवलेली छायाचित्रे पुसण्याचा खटाटोप मात्र करू नका, कारण लपवाछपवीचा संशय येण्याजोगे काहीच आता करायचे नाही.

‘इतकी जुनी आहे, तिला कसला परवाना’ असे एक वाक्य तुमच्या पत्रात मध्येच येऊन गेले आहे. या समजुतीला थोडा आधार आहे, म्हणूनच ती फसवी आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम ४५ मध्ये कालबाह्य बनावटीच्या, पुरातन मूल्याच्या किंवा नादुरुस्त शस्त्रांना सूट आहे, पण अट अशी की ते शस्त्र दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही प्रकारे अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसावे. ‘दुरुस्ती करून’ हे दोन शब्द लोक वाचत नाहीत. गंजलेला घोडा आणि मोडका दस्ता गावातला कसबी लोहार दोन दिवसांत ठीक करू शकत असेल, तर ती बंदूक कायद्याच्या लेखी बंदूकच राहते. हे ठरवणे तुमचे, भावाचे किंवा माझे काम नव्हे, जाणकाराने ती तपासल्यावरच ते ठरेल. घोडा काढून वेगळा ठेवला की झाले, असेही कोणी सुचवील. कायद्यातील शस्त्राच्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात, तेव्हा त्या उद्योगाने एका वस्तूच्या दोन वस्तू होतील, इतकेच.

याच कारणासाठी बंदूक पुसू नका, घासू नका आणि तेलपाणी करू नका. नळीवर किंवा चापाजवळ निर्मात्याचे नाव, क्रमांक किंवा एखादे चिन्ह कोरलेले असू शकते. कलम ८ प्रमाणे अशी ओळखचिन्हे पुसणे किंवा बदलणे हा गुन्हा आहे आणि ओळखचिन्ह नसलेले अग्निशस्त्र विकताही येत नाही. पॉलिश पेपरचा एक तुकडा तुमची विक्रीची उरलीसुरली शक्यता संपवू शकतो. चापाला हात लावू नका. नळीत बार भरलेला आहे की नाही, हे पाहण्यासाठी नळीत डोकावू नका आणि गजही घालू नका. ठासणीच्या बंदुका भरून ठेवण्याची सवय अनेक घरांत होती.

तुमच्या पत्रातील एका तपशिलावर मी बराच वेळ थबकले. गज, काळी भुकटी आणि छर्रे हे सामान ठासणीच्या बंदुकीचे असते. तिच्यात दारू आणि छर्रे नळीच्या तोंडातून भरून गजाने ठासतात, काडतूस तिला लागतच नाही. मग डब्यात काडतुसे कशी? एक तर सापडलेली बंदूक ठासणीची नसेल आणि गज निव्वळ सफाईचा असेल, किंवा घरात कधी तरी दुसरी, काडतुसाची बंदूक होती. दुसरी शक्यता खरी असेल तर ती बंदूक कुठे गेली, विकली की जमा केली की अजून घरातच आहे, हे पोलीस विचारण्याआधी तुम्ही स्वतःला विचारलेले बरे. उरलेला माळा, खोताच्या काळातली पेटी असेल तर ती आणि गोठ्याची आढी एकदा नीट पाहून घ्या, मात्र काही दिसलेच तर हात न लावता तसेच राहू द्या. काडतुसांनाही बंदुकीप्रमाणेच परवाना लागतो आणि जुनी दारू तर बेभरवशाची असते. तो डबा उन्हापासून व चुलीपासून दूर, आहे तिथेच राहू द्या आणि कोणी गाडीतून कुठे नेऊ नये.

आता कागदांकडे वळू, कारण यापुढचे सगळे त्यांच्यावर अवलंबून आहे. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीत रानडुकरे व माकडे यांच्यापासून पिके राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकांचे परवाने पूर्वापार दिले गेले आहेत, आणि १९५९ च्या कायद्यातही ‘प्रामाणिक पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक’ हे परवान्याचे वेगळे कारण म्हणून नोंदलेले आहे. तेव्हा आजोबांकडे परवाना नव्हताच, असे धरून चालू नका. परवान्याची पुस्तिका सापडली नाही तरी आणखी एक कागद सापडण्याची शक्यता असते. निवडणुका आल्या की अनेक परवानाधारकांना बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि जमा केल्याची पावती मिळते. माझे एक मामा दर निवडणुकीला जुन्या धोतरात गुंडाळलेली बंदूक खांद्यावर टाकून तालुक्याला जात आणि येताना पावती घडी करून पंचांगात ठेवत. मतमोजणी झाली की बंदूक घरी परत येई, पण पावत्यांची चळत पंचांगातच राहिली आणि मामांच्या पश्चात त्यावरूनच परवान्याचा क्रमांक मिळाला. तुमच्या आजोबांची पंचांगे, पोथ्या, खंडाच्या पावत्या, ट्रंकेतील कागद पाहा. त्यात काहीच मिळाले नाही, तर जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवान्यांचे काम पाहणाऱ्या शाखेत आजोबांचे पूर्ण नाव, गाव आणि अंदाजे काळ देऊन जुन्या नोंदवहीचा उतारा मागता येतो. मात्र हा शोध पूर्ण होईपर्यंत पोलीस ठाण्यात जाणे लांबवू नका. आधी कळवा, शोध मागाहून चालू राहू दे.

ठाण्यात जाताना बंदूक सोबत नेऊ नका. जमा करायलाच निघालो होतो हे वाटेतल्या नाकाबंदीत पटवून देणे सोपे नसते आणि विनापरवाना शस्त्राची वाहतूक हा स्वतंत्र घोटाळा होतो. तालुक्यातील फौजदारी कामे करणाऱ्या वकिलाला सोबत घ्या आणि ज्या ठाण्याच्या हद्दीत घर आहे तिथे लेखी अर्ज द्या. अर्ज लहान असावा. घराचा पत्ता व मालकी, वडिलांच्या मृत्यूची तारीख, दुरुस्ती कधी सुरू झाली, कोणत्या दिवशी कोणाला काय सापडले, ते आता कुठे आणि कोणाच्या कुलुपात आहे, आजोबांच्या परवान्याचा शोध चालू आहे आणि पोलिसांनी येऊन पंचनामा करून वस्तू ताब्यात घ्यावी, अशी विनंती, इतके पुरे. तीन आठवडे उशीर का झाला, तेही एका वाक्यात खरेच लिहा. घाबरल्यामुळे झाला असेल तर घाबरल्यामुळे असे लिहा. अर्जाच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पंचनाम्याची प्रत आणि ताब्यात घेतलेल्या वस्तूंची यादी मागा, तीत बंदुकीवरील खुणा व काडतुसांची संख्या नोंदलेली आहे ना, हे पाहा. ठाणे अंमलदार पहिल्या दिवशी तुम्हाला परत पाठवू पाहील, अशीही शक्यता आहे. तसे झाले तर तोच अर्ज पोलीस अधीक्षक कार्यालयात आणि जिल्हाधिकारी कार्यालयात स्पीड पोस्टने पाठवा. टपालाची पावती हाही कागदच आहे.

इथून पुढे दोन वाटा फुटतात. आजोबांचा परवाना होता असे निघाले, तर कलम २१ तुमच्या कामाचे आहे. परवाना संपल्यामुळे किंवा अन्य कोणत्याही कारणाने शस्त्र बाळगणे बेकायदा झाले, तर ते विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे जमा करावे, असे ते सांगते. पुढचा भाग फारसा कोणाला ठाऊक नसतो. जमा करणाऱ्याला, किंवा तो हयात नसल्यास त्याच्या वारसाला, ठरावीक मुदतीत दोन हक्क राहतात. स्वतः परवाना मिळवून शस्त्र परत घेता येते, किंवा ते बाळगण्याचा हक्क असलेल्या व्यक्तीला विकून पैसे घेता येतात. जमा करणे म्हणजे गमावणे नव्हे. मुदत टळली तर मात्र जिल्हा दंडाधिकारी शस्त्र सरकारजमा करू शकतात, म्हणून जमा करतानाच मुदत विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवा. परवाना कधीच नव्हता असे निघाले, तर प्रामाणिकपणे सांगते, विक्रीचा विचार सोडून द्यावा. कायद्याने कधी बाळगलीच नव्हती ती वस्तू कायद्याने विकण्याची सोय मला दिसत नाही. अशा वेळी तुमचा लाभ एवढाच की ती वस्तू तुमच्या घरातून पंचनाम्याने बाहेर जाईल.

परवाना होता असे धरून चालू. स्वतःच्या नावावर वारस परवाना घेण्याची तरतूद शस्त्र नियम, २०१६ मध्ये आहे आणि तीत मुलगी, सून, नात यांनाही वारस मानले आहे. ‘मुलीला कशाला बंदुकीचा परवाना’ असे भाऊ म्हणाला, हे तुम्ही कंसात लिहिले आहे. कायदा तसे म्हणत नाही. इतर वारसांची लेखी हरकत नसणे, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण, वैद्यकीय प्रमाणपत्र, पोलीस पडताळणी आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची व्यवस्था हे सगळे त्यात येते. परवाना पाच वर्षांचा असतो आणि पुढे नूतनीकरण करत राहावे लागते. ठाणे शहरातील सदनिकेत राहणाऱ्या माणसाने एका आठवणीसाठी एवढे सोसावे का, हा प्रश्न मी तुमच्यावर सोडते. माझे मत विचाराल, तर नको.

विक्रीचे म्हणाल, तर सोयीचा मार्ग परवानाधारक शस्त्र विक्रेत्याचा. जमा असलेल्या बंदुकीसाठी तो गिऱ्हाईक शोधतो, गिऱ्हाइकाचा परवाना तपासला जातो आणि व्यवहार परवाना प्राधिकाऱ्याच्या नोंदीने होतो. ज्या वाचकांकडे स्वतःच्या चालू परवान्यावरची बंदूक आहे आणि ती दुसऱ्या परवानाधारकाला थेट विकायची आहे, त्यांना कलम ५ प्रमाणे घेणाऱ्याच्या नाव-पत्त्यासह लेखी सूचना जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या ठाण्याला देऊन किमान ४५ दिवस थांबावे लागते. तोंडी सौदा करून आधी बंदूक द्यायची आणि कागद नंतर करायचे, ही पद्धत कितीही सरावाची असली तरी चुकीची आहे.

किंमत सांगण्याचे मी टाळत आहे, असे वाटेल. पण बाजारच इतका अरुंद आहे की अंदाजाला अर्थ नाही. पूर्वी एका परवानाधारकाला तीन अग्निशस्त्रे ठेवता येत, २०१९ पासून दोनच, आणि वारशाने आलेल्या शस्त्रालाही ही मर्यादा आहे. म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकाकडे परवाना हवा, त्यावर जागा रिकामी हवी आणि त्याला नेमकी अशीच जुनी बंदूक हवी. वकिलाची फी, तालुक्याच्या खेपा आणि बंदूक ठेवून घेण्याचे विक्रेत्याचे भाडे वजा जाता हाती फारसे उरेल, अशी आशा धरू नका. जे उरेल ते सगळ्या वारसांचे आहे, हेही भावाला आताच सांगून ठेवा.

चुलतभावाला कळवताना एक गोष्ट जोडा. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते आणि तशी ती ठरली, तर खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाही. ती तेवढी जुनी नसेल तर शस्त्र कायद्याची निर्यातीची अट आडवी येते. सामानात बांधून नेण्याचा विचार त्याने मनातही आणू नये. त्याला आजोबांची आठवणच हवी असेल, तर परवान्याची पुस्तिका सापडल्यास तिची रंगीत प्रत काढून पाठवा. अशा जुन्या पुस्तिकांत धारकाचे नाव, वय, गाव आणि नूतनीकरणाचे शिक्के असतात, आणि गंजलेल्या नळीपेक्षा आजोबा त्यात अधिक दिसतील.

राहता राहिला तो सुतार. बंदूक पहिल्यांदा त्याच्या हाताला लागली, तेव्हा अर्जात त्याचे नाव येणार आणि पोलीस त्याचा जबाब घेणार. घर तुमचे असले तरी गावात रोज राहायचे आहे ते त्याला. अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी तुम्ही स्वतः त्याला फोन करा, काय लिहिले आहे ते वाचून दाखवा, जबाबाच्या दिवशी तुमचा वकील त्याच्याही सोबत असेल असे सांगा आणि त्या दिवसाची त्याची मजुरी बुडू देऊ नका.